बेलापूरचे अंगण : चार्ल्स कोरिया यांच्या रचनामूल्यांचा एक प्रकरण अभ्यास

नवी मुंबईत सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, डोंगराच्या पायथ्याशी, आर्टिस्ट्स व्हिलेज या नावाने ओळखली जाणारी एक वसाहत आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या मुंबईतील कार्यालयाने १९८३ ते १९८६ या काळात सिडको या नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी ती आखली. सुमारे ५.४ हेक्टर जमीन, साधारण ५५० कुटुंबे, प्रत्येकाचा स्वतंत्र भूखंड आणि त्यावर उतरत्या छपराचे, चुन्याने रंगवलेले, हवे तेव्हा वाढवता येईल असे लहान घर, अशी ती योजना होती. आज त्या मूळ घरांपैकी पुष्कळ घरे दिसत नाहीत. त्यांच्या जागी दोन-तीन मजली, स्लॅबची, काच आणि ग्रॅनाइट लावलेली घरे उभी आहेत. वास्तुकलेचे विद्यार्थी येतात, उरलेल्या कौलारू घरांचे फोटो काढतात आणि चांगली रचना लोकांनी बिघडवली अशी खंत व्यक्त करून परततात.

ही खंत मला चुकीच्या जागी व्यक्त झालेली वाटते. बेलापूरमध्ये कोरिया यांच्या कार्यालयाने जे पणाला लावले होते ते छप्पर नव्हते. कोणत्या गोष्टी वास्तुरचनाकाराने पक्क्या करायच्या आणि कोणत्या जाणीवपूर्वक राहणाऱ्यांवर सोपवायच्या, या निवडीत त्या कार्यालयाची सगळी मूल्ये एकवटली होती. म्हणून पक्के काय केले, मोकळे काय सोडले आणि त्यांतले काय टिकले, या अंगाने हे प्रकरण तपासले पाहिजे.

बेलापूरच्या आधी

कोरिया यांनी १९५८ मध्ये मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. साबरमतीच्या गांधी स्मारक संग्रहालयाचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी वयाची तिशीही गाठली नव्हती. ते संग्रहालय १९६३ मध्ये पूर्ण झाले. विटांचे खांब आणि वर कौलारू छप्पर असलेले सहा मीटर बाय सहा मीटरचे चौरस, त्यांतले काही बंद, काही उघडे, आणि पुढे गरज पडेल तेव्हा आणखी चौरस जोडता येतील अशी मांडणी, हे त्या इमारतीचे मर्म आहे. वाढ गृहीत धरून रचना करायची, हा विचार इतक्या आधीपासून त्यांच्या कामात होता. पुढे पेरूची राजधानी लिमा येथे प्रेव्ही या प्रायोगिक गृहवसाहतीसाठी जगभरातून ज्या वास्तुरचनाकारांना निमंत्रण मिळाले त्यांत कोरिया होते. ती घरेही राहणाऱ्यांनी वाढवायची अशीच अट होती, आणि लोकांनी ती खरोखरच अनेक मजल्यांपर्यंत वाढवली.

दुसरा धागा शहराचा आहे. वास्तुरचनाकार प्रवीणा मेहता, अभियंता शिरीष पटेल आणि कोरिया या तिघांनी १९६४-६५ च्या सुमारास खाडीपलीकडच्या नव्या मुंबईचा प्रस्ताव मांडला. दक्षिण टोकाला कचेऱ्या आणि उत्तरेला घरे, त्यामुळे रोज सकाळी सगळे शहर एका दिशेने धावते आणि संध्याकाळी उलट, हे दुखणे नरिमन पॉइंटला आणखी भराव घालून बरे होणार नाही, त्यासाठी खाडीच्या पूर्वेला नोकऱ्यांसह नवे शहर हवे, असे त्यांचे म्हणणे होते. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार होते. म्हणजे बेलापूरचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा ज्या शहराची कल्पना त्यांनीच मांडली होती, त्या शहरात ते सल्लागार म्हणून परतत होते. अशी संधी फार थोड्या कार्यालयांच्या वाट्याला येते, आणि तिच्यासोबत जबाबदारीही येते.

त्या जबाबदारीची एक बाजू रचनेच्या आराखड्यात दिसत नाही, पण ती सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरे होत नाही. नवी मुंबई ज्या ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली ती आगरी, कोळी आणि इतर भूमिपुत्रांची गावे होती. बेलापूरची घरे बांधली जात असतानाच, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी, उरण तालुक्यात जासईच्या परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. प्रकल्पग्रस्तांना विकसित जमिनीचा वाटा देणारी साडेबारा टक्क्यांची योजना पुढे याच लढ्यातून आली. कोरिया यांनी जमिनीच्या समतेला आपल्या रचनेत मानाचे स्थान दिले होते आणि त्यांचा हेतू प्रामाणिक होता, याविषयी मला शंका नाही. तरीही ती समता नव्याने येणाऱ्यांमधली होती. आधीपासून असलेल्यांचा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहिला, आणि वास्तुरचनाकाराच्या मूल्यांची मर्यादा पुष्कळदा भूखंडाच्या कुंपणापाशी येऊन थांबते ती अशी.

काय पक्के केले

पहिली पक्की गोष्ट म्हणजे भूखंडाचा आकार. वसाहतीत अगदी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपासून मध्यमवर्गीयांपर्यंत सगळ्यांना सामावून घ्यायचे होते, आणि उत्पन्नांतली ही तफावत साधारण एकास पाच अशी होती. भूखंड मात्र ४५ चौरस मीटरपासून ७५ चौरस मीटरपर्यंतच ठेवले. सर्वांत मोठा भूखंड सर्वांत लहान भूखंडाच्या पावणेदोनपटही नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने घरावर खर्च करावा, जमिनीवर नव्हे, कारण घर पुढे सुधारता येते, जमीन मात्र एकदा वाटली की वाटली, असा हा हिशेब होता. सरकारी वसाहतींत उत्पन्न गट ठरले की इमारती, रस्ते आणि वस्त्याही वेगळ्या होतात. त्या पार्श्वभूमीवर हा निर्णय किती धीटपणाचा होता हे लक्षात येते.

दुसरी पक्की गोष्ट म्हणजे प्रत्येक घराचे सुटेपण. शेजाऱ्यांची भिंत सामायिक नाही. स्वच्छतागृहे तेवढी नळ आणि सांडपाण्याचा खर्च वाचावा म्हणून जोडीने पाठीला पाठ लावून बांधली. घरे सलग ओळीत बांधली असती तर प्रत्येक घरामागे एक भिंत वाचली असती, आणि जिथे विटेचाही हिशेब होतो तिथे ही बचत लहान नाही. तरीही कोरिया यांनी ती सोडली. ज्याची भिंत शेजाऱ्याशी जोडलेली आहे त्याला मजला चढवायचा तर शेजाऱ्याची संमती घ्यावी लागते, भांडण होते, कोर्टकचेरी होते. स्वतंत्र भिंत म्हणजे स्वतःच्या सवडीने आणि कुवतीप्रमाणे वाढण्याचा हक्क. शेजाऱ्याच्या भूखंडाकडील भिंतीत खिडकी काढायची नाही, ही एक अट मात्र होती, आणि तिच्यामुळे उद्या शेजारी कितीही वाढला तरी दोघांचाही खासगीपणा शाबूत राहणार होता. माझ्या मते या कार्यालयाच्या विचारपद्धतीचा सर्वांत चांगला नमुना ही भिंत आहे: मूल्य मोठ्या शब्दांत सांगण्याऐवजी ते विटांच्या एका थरात बसवले आहे.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, पक्की गोष्ट म्हणजे अंगण. सात घरांमध्ये सुमारे आठ मीटर बाय आठ मीटरचे एक अंगण; अशा तीन गटांची, म्हणजे एकवीस घरांची, मिळून बारा बाय बारा मीटरची मोकळी जागा; आणि पुन्हा असे तीन समूह एकत्र आले की वीस बाय वीस मीटरचे मैदान. ही चढती साखळी पुढे शाळा आणि बसथांब्याच्या पातळीपर्यंत जाते. वसाहतीच्या मधून एक ओढा वाहतो आणि पावसाचे पाणी वाहून नेतो. तो पाइपात न घालता उघडाच ठेवला, हाही त्याच विचाराचा भाग.

या आकड्यांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. आठ बाय आठचे अंगण म्हणजे ६४ चौरस मीटर, सात घरांत वाटले तर प्रत्येकी सुमारे ९ चौरस मीटर. बारा बाय बाराची जागा एकवीस घरांत वाटली तर प्रत्येकी जवळपास ७, आणि वीस बाय वीसचे मैदान त्रेसष्ट घरांत वाटले तर ६ हून थोडे अधिक. म्हणजे प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला सुमारे २२ चौरस मीटर सामायिक मोकळी जागा येते. सर्वांत लहान भूखंड ४५ चौरस मीटरचा आहे. त्या कुटुंबाला स्वतःच्या जमिनीच्या जवळपास निम्मी जागा आणखी मिळते, ती दाराशी आणि आकाशाखाली. शिवाय एवढे करूनही वसाहतीची दाटी हेक्टरी ५०० माणसांच्या घरात ठेवता आली. कमी उंचीची घरे म्हणजे जमिनीची उधळपट्टी, या समजुतीला दिलेले हे उत्तर होते.

आकाशाला खुली जागा हा कोरिया यांच्या विचारात वारंवार येणारा शब्दप्रयोग आहे आणि त्यामागे भावुकता कमी, व्यवहार जास्त आहे. आपल्या हवामानात पावसाचे चार महिने वगळले तर निवडणे, टिपणे, वाळवण, मुलांचा अभ्यास, उन्हाळ्यातले झोपणे, लहानसा धंदा, हे सगळे उघड्यावर होऊ शकते. म्हणून उघड्या जागेलाही वापराची किंमत असते. ती छपराखालच्या खोलीइतकी नसेल, पण बांधकामाचा खर्च मात्र जवळजवळ नसतो. गरीब कुटुंबाला एक जादा खोली देण्यापेक्षा एक खोली आणि एक अंगण देणे हा अधिक चांगला सौदा आहे. हे तत्त्व ते केवळ गरिबांसाठी वापरत नव्हते. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, मुंबईत कंबाला हिलवर त्यांची कांचनजंगा ही २८ मजली इमारत पूर्ण झाली. तिच्या ३२ मोठ्या सदनिकांच्या कोपऱ्यांत दोन मजली उंचीचे बाग-सज्जे आहेत. जुन्या बंगल्याची पडवी ऊन-पाऊस अडवून वारा आत घेते, तेच काम ते सज्जे करतात. अतिश्रीमंतांसाठी आणि अल्प उत्पन्न गटासाठी काम करताना कार्यालयाची भूमिका बदलली नाही, याला मी मूल्यनिष्ठेचा पुरावा मानतो.

काय मोकळे सोडले

बाकी जवळजवळ सगळे राहणाऱ्यांवर सोपवले होते. सुरुवातीची घरे मुद्दाम साधी ठेवली. भिंती, उतरते छप्पर, एखादी खोली किंवा दोन, वरती जायला जिना. गावातला गवंडी आणि सुतार हाताळू शकेल असेच तंत्र होते, कारण कमी उंचीच्या बांधकामाचा पैसा मोठ्या कंत्राटदाराकडे न जाता वस्तीतल्या कारागिरांच्या हातात खेळतो, हाही कोरिया यांच्या मांडणीतला एक मुद्दा होता. पुढे माजघर वाढवायचे, दुकान काढायचे की मुलाच्या लग्नाआधी वर खोली घ्यायची, हे कुटुंबाने ठरवायचे.

आणि कुटुंबांनी ठरवले. खाडीवरून १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली, रेल्वे पुढे सरकत राहिली, बेलापूर खरोखरच कचेऱ्यांचे केंद्र झाले आणि दाराशी अंगण असलेल्या स्वतंत्र भूखंडाची किंमत कुठल्या कुठे गेली. मूळ रहिवाशांपैकी काहींनी घरे विकली, नवे मालक आले, आणि ज्याच्याकडे पैसे होते त्याने मूळ घर वाढवण्याऐवजी पाडून पूर्ण भूखंडावर नवे बांधले. कोरिया यांच्या कल्पनेतली वाढ म्हणजे मूळ घराला हळूहळू फुटत जाणारे धुमारे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी मूळ झाडच काढून नवे लावले गेले.

याला रचनेचे अपयश म्हणायला मी तयार नाही. ज्या कुटुंबाला स्वतंत्र भिंत आणि स्वतंत्र जमीन दिली, त्याने तिचा वापर केला. पाडण्याचा हक्कही त्याच स्वातंत्र्यात येतो. उलट, ज्या गोष्टी कार्यालयाने पक्क्या केल्या होत्या त्या पाहा. भूखंडांचे आकार तेच आहेत. गल्लीतून आत वळले की आजही सात दारांचे अंगण लागते. कुठे तुळशीवृंदावन, कुठे पेव्हर ब्लॉक, कुठे कपड्यांच्या दोऱ्या, एका बाजूला जुने कौलारू घर आणि शेजारी तीन मजल्यांचे नवे, पण दारे अजूनही एकमेकांकडे तोंड करून आहेत आणि संध्याकाळी मुले मध्ये खेळतात. घरे गेली, अंगण राहिले. मुंबईच्या परिसरात चाळीस वर्षे कोणी न गिळलेली सामायिक जागा ही दुर्मिळ गोष्ट आहे, आणि ती सात घरांच्या डोळ्यांसमोर होती म्हणून टिकली. शंभर घरांचे एकच मोठे मैदान असते तर त्याचे काय झाले असते, हे आपल्या शहरांत सर्वत्र पाहायला मिळते.

मात्र जे टिकले तेही दोन बाजूंनी खचत आहे, आणि इथे कार्यालयाच्या विचारात राहिलेली उणीव स्पष्ट बोलली पाहिजे.

पहिली बाजू वाहनांची. एका मोटारीला नुसते उभे राहायला, वळण्याची जागा न धरता, साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. सात घरांच्या सात गाड्या म्हणजे साडेसत्त्याऐंशी चौरस मीटर. अंगण चौसष्टचे. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली, त्यामुळे अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या प्रत्येक दाराशी एक दिवस गाडी उभी राहील हे त्या वर्षीच्या आराखड्यात यायला हवे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या कार्यालयाने वाढ हे मूलतत्त्व मानले, त्याने घराची वाढ मोजली आणि घरात येणाऱ्या वस्तूंची वाढ मोजली नाही, ही नोंद करावी लागते.

दुसरी बाजू उंचीची आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते, कारण ती हिशेबात पकडता येण्यासारखी होती. बेलापूर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे भर माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. अंगणाच्या दक्षिणेला तीन मीटर उंचीची भिंत असेल तर तिची सावली पावणेतीन मीटर पडते आणि आठ मीटरांपैकी पाच मीटरांहून अधिक अंगण उन्हात राहते. तीच भिंत तीन मजल्यांची, नऊ मीटरांची झाली की सावली सव्वाआठ मीटर होते. म्हणजे थंडीच्या दिवसांत बारा वाजताही अंगणात उन्हाचा कवडसा पोहोचत नाही. अंगणाची लांबी-रुंदी नकाशावर तीच राहते, पण आकाशाला खुली जागा हा शब्द तिला लावता येत नाही. पावसाळ्यातही चित्र बदलते. कौलारू छपराच्या पागोळ्या वेगळ्या आणि तीन मजली गच्चीच्या पन्हाळीतून एकाच जागी कोसळणारे पाणी वेगळे, आणि ते मुरायला जमीन फरसबंद झालेली.

मूळ घरांची कमी उंची हा अंगणाचाच एक भाग होता. ती मर्यादा त्या घरांच्या आकारात होती, आणि आकार बदलण्याचे स्वातंत्र्य तर दिलेलेच होते. म्हणून घरांसोबत ती मर्यादाही गेली. खिडकी कुठे नको हे ज्या काटेकोरपणे ठरवले, त्याच काटेकोरपणे अंगणाच्या बाजूच्या भिंतीची उंची ठरवून ती वाटपाच्या अटींमध्ये टिकेल अशी व्यवस्था हवी होती. त्यात सिडकोची आणि नंतर आलेल्या पालिकेची जबाबदारी वास्तुरचनाकाराइतकीच, किंबहुना अधिक आहे. कोरिया स्वतः १९८५ ते १९८८ या काळात राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे अध्यक्ष होते. नियम कसे बनतात आणि कसे मोडतात हे त्यांच्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल. त्यामुळे ही त्रुटी अधिक लागते.

कोरिया यांचे १६ जून २०१५ रोजी निधन झाले. त्यांच्या आयुष्यातच, १९९५ मध्ये, अहमदाबादचे त्यांचे ट्यूब हाउस पाडले गेले होते. लहान उत्पन्नाच्या घरात गरम हवा छपराच्या उतारावरून वर जाऊन माथ्यावरच्या फटीतून बाहेर पडावी, अशी ती साधी आणि हुशार रचना होती. ते घर एक वस्तू होते आणि वस्तू पाडता येते. बेलापूरला पाडता येण्याजोगे बरेच पाडून झाले आहे, आणि तरीही सात घरांची मांडणी शिल्लक आहे, म्हणजे अजून दुरुस्तीला वाव आहे.

त्या दुरुस्तीचा आकडाही वरच्या हिशेबातूनच निघतो. अंगणालगतचा भाग सहा मीटर उंचीवर थांबवला आणि तिसरा मजला मागे सरकवून बांधला, तर डिसेंबरातली सावली साडेपाच मीटरांवर थांबते. कुटुंबाची एकही खोली त्यात जात नाही, गच्चीचा एक तुकडा पुढे येतो एवढेच. गाड्या बाहेरच्या रस्त्यालगत एकत्र लावल्या तर अंगण पुन्हा माणसांचे होते. सहा मीटरांच्या या रेषेमुळे आठ मीटरांच्या अंगणात उत्तरेकडे अडीच मीटरांचा उन्हाचा पट्टा उरतो. आजीने पाठ शेकत बसावे, बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात ठेवावे आणि बाजूला दोन सुपे धान्य पसरावे, एवढी ती जागा आहे.